कोळंबीच्या सालांपासून कायटिन आणि कायटोसान: कसं काढायचं, कसं तपासायचं, कुठे वापरायचं

ज्याच्या घरी कोळंबी येते त्याला हे सांगायला नको, किलोभर आणली की सोलल्यावर डोकी आणि टरफलं मिळून जवळजवळ अर्धं वजन कचऱ्यात जातं, आणि ती पिशवी रात्रभर ओट्याखाली राहिली की सकाळी शेजारीसुद्धा चौकशीला येतात. आता हेच ससून डॉक नाहीतर मिरकरवाड्यासारख्या बंदरावर, नाहीतर एखाद्या प्रोसेसिंग प्लांटमध्ये किती प्रमाणात होत असेल विचार करा. तर या टरफलात एक फार कामाचा पदार्थ असतो, कायटिन, आणि त्याच्यावर कॉस्टिकची (कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड) प्रक्रिया केली की मिळतो कायटोसान, जो शेतीच्या फवारणीपासून रक्त थांबवणाऱ्या पट्ट्यांपर्यंत सगळीकडे जातो.

मी पहिल्यांदा कॉलेजच्या लॅबमध्ये बनवला तेव्हा पावडर छान पांढरी आली, मी खूश, आणि व्हिनेगरच्या पाण्यात टाकली तर विरघळेचना, भिजलेल्या साबुदाण्यासारखी फुगून तळाशी बसून राहिली. दुसऱ्या वेळी घाबरून जास्त वेळ उकळली तर विरघळली मस्त पण द्रावण पाण्यासारखं पातळ, फिल्म बनवायला गेलो तर वाळल्यावर चुरा. दोन्ही वेळा मी "कायटोसान"च बनवला होता! तेव्हा डोक्यात बसलं की कायटोसान ही एक वस्तू नाहीच, ते अख्खं कुटुंब आहे. तुम्हाला कशासाठी पाहिजे ते आधी ठरवा, मग आम्ल किती, कॉस्टिक किती, वेळ किती हे ठरतं. नुसतं "रेसिपी द्या" म्हणणाऱ्यांची फसगत होते ती इथेच.

आधी आत काय आहे ते बघू, याशिवाय पुढचं कळणार नाही

कापूस म्हणजे सेल्युलोज हे माहितीच आहे, ग्लुकोजच्या मण्यांची लांब माळ, मणी एकमेकांना बीटा-१,४ जोडणीने जोडलेले. कायटिनची माळ डिट्टो तशीच, फरक एकच, प्रत्येक मण्याच्या दुसऱ्या कार्बनवर जिथे सेल्युलोजला हायड्रॉक्सिल असतो तिथे इथे अ‍ॅसिटिल (दोन कार्बनचा छोटा गट) लावलेला नायट्रोजन असतो. तो मणी म्हणजे एन-अ‍ॅसिटिल ग्लुकोसामीन. या माळा शेजारी-शेजारी बसून हायड्रोजन बंधांनी एकमेकींना इतक्या घट्ट धरतात की पाणी आत शिरत नाही, म्हणून कायटिन पाण्यात, अल्कोहोलमध्ये, बहुतेक कशातच विरघळत नाही. खेकड्याच्या कवचात या कायटिनच्या तंतूंचे थर एकावर एक थोडे थोडे फिरवून रचलेले असतात, प्लायवूडसारखे, मध्ये प्रथिनं आणि कॅल्शियम कार्बोनेट भरलेलं. चिंबोरी फोडताना दात का दुखतात त्याचं उत्तर हे.

माळा एकीला एक उलट दिशेने लागल्या तर त्याला अल्फा कायटिन म्हणतात, कोळंबी, खेकडा, शेवंड, किडे या सगळ्यांत हाच, जास्त घट्ट. सगळ्या एकाच दिशेने असल्या तर बीटा, थोडा सैल. माकूल साफ करताना पोटातून जी पारदर्शक, पिसासारखी लवचिक पट्टी निघते ना, ती बीटा कायटिन. त्या पट्टीत चुन्याचा भाग जवळपास नसतोच, त्यामुळे आम्लाची पायरी वाचते आणि कॉस्टिकसुद्धा पटकन आत जातं. हाताला लागलं तर शिकायला सगळ्यात सोपा कच्चा माल तोच.

कोळंबीच्या गप्पांत मजा म्हणजे कायटिन पहिल्यांदा सापडलं ते मशरूममध्ये, १८११ साली ब्राकोनो नावाच्या फ्रेंच माणसाला. कायटिन हे नाव १८२३ मध्ये ओदिएने दिलं, ग्रीक भाषेत अंगरख्याला जो शब्द आहे त्यावरून. १८५९ मध्ये रूजेने कायटिन तीव्र अल्कलीत उकळून बघितलं तर ते आम्लात विरघळायला लागलं, आणि त्याला कायटोसान हे नाव १८९४ मध्ये होप-झायलरने दिलं. आणि ज्या आल्बर्ट हॉफमनला जग एलएसडीमुळे ओळखतं त्याची पीएचडी कशावर होती माहितीये? गोगलगायीच्या पाचक रसाने कायटिन तोडून त्याची रचना शोधण्यावर, १९२९ साली.

रूजेने केलं ते नेमकं काय, तर मण्यांवरचा अ‍ॅसिटिल काढून टाकला, मागे राहिला मोकळा अमीनो गट. हा अमीनो गट आम्लात प्रोटॉन घेतो आणि धन भारित होतो, साधारण साडेसहाच्या खालच्या पीएचला. सगळी माळ धन भारित झाली की मणी एकमेकांना ढकलतात, पाणी आत शिरतं, माळ विरघळते. बास. पुढचे जवळजवळ सगळे उपयोग या एका धन भारातून येतात, कारण निसर्गात धन भार असलेलं पॉलिमर, म्हणजे अशी लांब माळ, फार क्वचित सापडतं आणि चिखल, बॅक्टेरिया, रक्तपेशी या सगळ्यांचा पृष्ठभाग ऋण असतो.

म्हणून दोन आकडे पाठ करा. पहिला, शंभर मण्यांतल्या किती मण्यांचा अ‍ॅसिटिल निघाला, याला डीडी म्हणतात. बाजारातला माल बहुतेक ७५ ते ९५ टक्क्यांचा असतो. दुसरा, माळेची लांबी, म्हणजे रेणुभार, जो द्रावणाच्या घट्टपणावरून कळतो. गढूळ पाणी निवळायला लांब माळ बरी, फिल्मला मध्यम ते लांब, पिकावर फवारायला छोटी चालते. माझी पहिली बॅच डीडी कमी म्हणून गेली आणि दुसरी माळ तुटली म्हणून.

सुरक्षेचं, आणि हे वगळून पुढे जाऊ नका

खालचं काम स्वयंपाकघरात करायचं नाही, लॅबमध्येच करायचं, कारण शेवटच्या पायरीला ५० टक्के कॉस्टिक सोडा शंभर अंशांच्या वर तापवावा लागतो आणि त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. गॉगल, लांब रबरी ग्लोव्ह्ज, एप्रन, उघडी खिडकी किंवा फ्यूम हूड. उडालंच तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटं आणि सरळ डॉक्टर. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचं, थोडं थोडं, भांडं बर्फात ठेवून, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. जर्मनचं म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सुटतो. कॉस्टिकला स्टेनलेस स्टील, आम्लाला प्लॅस्टिकची बादली, उलट केलंत तर स्टीलला भोकं पडतील. लॅब नसेल तर तयार कायटोसान पावडर विकत मिळते, ती घ्या आणि थेट विरघळवायच्या भागावर या, त्यात कमीपणा काही नाही.

सालं तयार करणं

ताजी सालं घ्या, वास मारायला लागलेली नकोत, बॅक्टेरिया तोवर माळ कुरतडायला लागलेले असतात. मांस आणि डोक्यातला काळा-पिवळा भाग धुऊन काढा, पाण्यात एक उकळी द्या आणि कडक उन्हात वाळवा, सुकट वाळवतो तशी, मांजर आणि कावळे सांभाळून. मग मिक्सरमध्ये भरड काढा, दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे. पीठ करू नका, गाळताना कपड्याची भोकं बुजतात आणि अर्धा माल वाहून जातो. किलोभर ओल्या सालांचं वाळून साधारण पाव किलो होतं.

प्रथिनं काढणं

काही लोक आधी आम्ल वापरतात, काही आधी कॉस्टिक. दोन्ही चालतं. मी आधी कॉस्टिक घेतो, कारण प्रथिनं शिल्लक असताना आम्ल टाकलं तर जो फेस येतो तो अंड्याच्या फेसासारखा घट्ट होतो आणि बसत नाही, एकदा पूर्ण बादली टेबलावरून खाली वाहिलेली मी पुसलेली आहे.

१०० ग्रॅम वाळलेल्या भरडीला दीड लिटर कॉस्टिकचं द्रावण, एका लिटरला ४० ग्रॅम या हिशेबाने. ७० ते ८० अंशांवर दीडेक तास, अधूनमधून ढवळत. पाणी चहासारखं तांबूस होतं. गाळा, धुवा, ताज्या द्रावणात परत एकदा तासभर, दुसऱ्या वेळी पाणी बरंच फिकट आलं म्हणजे प्रथिनं गेली. मग नळाच्या पाण्याने पीएच पेपरवर ७ येईपर्यंत धुवा, कंटाळा येतो पण धुवाच.

चुना काढणं

आता हायड्रोक्लोरिक आम्ल, पातळ, साधारण साडेतीन टक्के. किती लागेल याचा हिशेब करून बघा, अंदाजपंचे नको. समजा १०० ग्रॅम भरडीत ४० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट होतं. त्याला ०.८ मोल आम्ल लागतं म्हणजे या ताकदीचं जवळजवळ ८०० मिली, आपण दीड लिटर घेतो म्हणजे दुप्पट. आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघणार १० लिटरच्या आसपास! म्हणून पाच-सहा लिटरची बादली घ्या आणि आम्ल धारेने नाही तर कपाकपाने टाका.

इथे गरम करायचं नाही. साध्या तापमानाला तासभर, फार तर दोन तास, कारण आम्ल फक्त चुना खात नाही, ते मण्यांमधली जोडणीही तोडतं. "रात्रभर ठेवून देतो, अजून स्वच्छ होईल" हा मोह होतो आणि माळ छोटी होण्याचं अर्धं नुकसान इथेच होतं, नंतर लोक दोष कॉस्टिकला देतात. ताजं आम्ल टाकून बुडबुडे येत नाहीत म्हणजे काम झालं. परत पीएच ७ येईपर्यंत धुणं. हातात घेतलं तर आता सालं मऊ, पारदर्शक, प्लॅस्टिकच्या कागदासारखी लागतील.

वापरलेलं आम्ल आणि आधीचं वापरलेलं पातळ कॉस्टिक एकमेकांत हळूहळू मिसळून पीएच ७ च्या आसपास आणा मगच लॅबच्या नियमाप्रमाणे टाका. मोठ्या प्रमाणावर करायचं ठरवलंत तर धंद्याचं खरं दुखणं हे सांडपाणीच आहे, साल फुकट मिळते म्हणून धंदा स्वस्तात पडेल असं समजू नका.

रंग

जो गुलाबी रंग राहतो तो अ‍ॅस्टाझँथिन, कोळंबी शिजल्यावर लाल होते तोच. उन्हात पसरलं की बराचसा आपोआप उडतो, घाई असेल तर अ‍ॅसिटोनमध्ये भिजवा, जवळपास ज्योत नको. ब्लीच वापरणारे आहेत पण ते माळ तोडतं, आणि आम्लाचा अंश राहिलेल्या मालावर ब्लीच पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, त्यामुळे मी त्या वाटेला जातच नाही. शेतीसाठी किंवा पाणी निवळायला करत असाल तर रंग काढायची गरज काय मुळात?

आता हातात आहे ते कायटिन. १०० ग्रॅम वाळलेल्या सालांतून २० ग्रॅमच्या आसपास आलं तर ठीक समजा.

कायटिनचं कायटोसान

हीच ती पायरी जिथे सगळं ठरतं. ५०० ग्रॅम कॉस्टिक ५०० ग्रॅम पाण्यात म्हणजे ५० टक्के द्रावण. कायटिनच्या दहा ते पंधरा पट द्रावण घ्या, १०० ते ११० अंशांवर दोन ते चार तास. एवढं कडक द्रावण त्या तापमानाला उकळत नाही, त्यामुळे वरून शांत दिसतं, त्या शांतपणाला फसू नका.

सुरुवातीला डीडी भराभर वाढतो, मग अडकतो. कारण माळांचे सैल भाग आधी उघडतात, घट्ट स्फटिकी भाग शेवटपर्यंत दाद देत नाहीत. अशा वेळी आठ तास उकळत बसण्यापेक्षा दोन तासांनी काढा, धुवा, वाळवा आणि ताज्या कॉस्टिकमध्ये परत दोन तास. धुऊन वाळवल्यावर रचना उघडते आणि दुसऱ्या फेरीत जास्त काम होतं, माळही कमी तुटते. हवेतला ऑक्सिजन गरम कॉस्टिकमध्ये माळ तोडतो म्हणून भांडं झाकलेलं हवं, सोय असेल तर नायट्रोजन सोडा. कडक कॉस्टिक फेकू नका, गाळून परत वापरता येतं.

धुणं इथे सगळ्यात लांबतं, माल फुगलेला असतो. पीएच ७ आला की ५०-६० अंशांच्या खालीच वाळवा, जास्त तापवलं की पिवळा पडतो आणि कमी विरघळतो. वजनाचाही हिशेब लावा, अ‍ॅसिटिलवाला मणी २०३ वजनाचा आणि बिनाअ‍ॅसिटिलचा १६१, म्हणजे २० ग्रॅम शुद्ध कायटिनचे सगळेच्या सगळे अ‍ॅसिटिल निघाले तरी १६ ग्रॅमच्या आत कायटोसान येणार. १८ ग्रॅम आला तर आनंद मानू नका, एकतर ओला आहे, नाहीतर डीडी कमी आहे, नाहीतर मीठ राहिलंय.

विरघळवणं आणि तपासणं

एक ग्रॅम पावडर आधी ९९ मिली साध्या पाण्यात शिंपडून भिजू द्या, मग ढवळता ढवळता १ मिली अ‍ॅसिटिक आम्ल. थेट आम्लात टाकली की बाहेरून जेली आणि आत कोरडं पीठ, रव्याच्या गुठळ्या होतात तसं. दुकानातलं पांढरं व्हिनेगर ४-५ टक्क्यांचं असतं, एक भागाला चार भाग पाणी घातलं की काम होतं. काही तासांत स्वच्छ, मधासारखं नाहीतर तेलासारखं द्रावण आलं पाहिजे. सल्फ्युरिक आम्लात मात्र ते विरघळत नाही, प्रयत्न करू नका.

तळाशी फुगलेले कण राहिले तर डीडी कमी. नेमका आकडा हवा तर ०.२ ग्रॅम पूर्ण वाळलेली पावडर मोजून जादा ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा आणि पीएच मीटर लावून ०.१ मोलर कॉस्टिकने टायट्रेट करा, म्हणजे ते थोडं थोडं घालत किती मिली लागलं ते मोजत जा. पीएच दोनदा उडी मारतो, पहिल्या उडीपर्यंत जादा आम्ल संपतं, दोन उड्यांच्या मध्ये अमीनो गट मोजले जातात. मधल्या मिलिलिटरांना २.०३ ने गुणा आणि भागा, वजन अधिक ०.००४२ गुणिले तेच मिलिलिटर, याने. उदाहरणार्थ मध्ये १० मिली लागले तर २०.३ भागिले ०.२४२ म्हणजे जवळजवळ ८४ टक्के. पावडर दमट असेल तर आकडा खोटा येतो, म्हणून वजन वाळवूनच.

माळेच्या लांबीसाठी घरगुती म्हणावं असं एकच, एकाच पिपेटमधून पाणी किती सेकंदात उतरतं आणि १ टक्के द्रावण किती सेकंदात, बॅचा-बॅचांची तुलना यातून होते.

वापर

सगळ्यात पटकन दिसणारा प्रयोग आधी. तुमचं २ टक्के द्रावण सिरिंजने थेंब थेंब ४ टक्के कॉस्टिकमध्ये सोडा, प्रत्येक थेंब पडल्या पडल्या साबुदाण्यासारखा मणी होतो (हा साबुदाणा मात्र हवा असलेला). मणी धुवा आणि मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) फिकट पाण्यात टाका, थोड्या वेळात मणी निळे होतात, तांबं अमीनो गटांनी पकडलं. सांडपाण्यातले जड धातू काढायला कायटोसान वापरतात त्यामागचं तत्त्व हेच, मुलांना दाखवा, विसरत नाहीत.

गढूळ पाण्यासाठी ०.१ टक्के द्रावण करा, त्याचा १ मिली एका लिटर पाण्यात म्हणजे १ मिलिग्रॅमचा डोस. पाच-सहा ग्लास मांडा, १ पासून १० पर्यंत वेगवेगळे डोस, मिनिटभर जोरात आणि दहा-पंधरा मिनिटं हळू ढवळा आणि अर्धा तास ठेवा. एका ग्लासात पाणी सगळ्यात निवळ दिसेल. त्याच्या पुढे डोस वाढवला की पाणी परत गढूळ होतं, कारण मातीच्या कणांवर आता धन भार जास्त झाला आणि ते परत एकमेकांना ढकलायला लागले, तुरटीसारखं "अजून थोडं टाकू" इथे चालत नाही. आणि निवळ म्हणजे निर्जंतुक नव्हे, उकळणं किंवा क्लोरीन लागणारच.

फिल्म करायची तर १-२ टक्के द्रावण सपाट ताटलीत ओतून वाळवा. अशी फिल्म पाण्यात परत फुगते, ती टिकायला हवी असेल तर पातळ कॉस्टिकमध्ये थोडा वेळ बुडवून धुवा. फळांवर हाच थर दिला की पाणी कमी उडतं आणि श्वसन मंदावतं. मात्र थर जाड झाला तर आतलं फळ गुदमरतं आणि आंबूस वास येतो, हापूसच्या पेटीवर पहिला प्रयोग करू नका, चार फळांवर करा. विकायच्या फळाला लावायचं तर अन्नसुरक्षेचे नियम बघूनच.

शेतीत कायटोसान बहुतेक वेळा रोगाला थेट मारत नाही, तर झाडाला "बुरशी आलीय" असं भासवून झाडाचीच संरक्षण यंत्रणा जागी करतं, कारण बुरशीच्या भिंतीतही कायटिनच असतं. म्हणजे रोग पसरल्यावर फवारून उपयोग कमी, आधीच फवारायला हवं. युरोपीय संघाने कायटोसान हायड्रोक्लोराइडला २०१४ मध्ये मूलभूत पदार्थ, म्हणजे मुळात कीडनाशक म्हणून विकला जात नसला तरी पिकाच्या संरक्षणाला चालणारा पदार्थ, म्हणून मान्यताही दिली. द्राक्षवाल्यांनी एक लक्षात ठेवायचं, बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) अल्कधर्मी असतं, त्यात कायटोसान मिसळलं की टाकीतच दह्यासारखं फाटतं आणि नोझल चोंदतात. फॉस्फेटवाल्या विद्राव्य खतांबरोबरही मिसळू नका.

औषधातलं काम मोठं आहे. धन भारित कायटोसान ऋण भारित रक्तपेशींना चिकटून गोळा करतो, शरीराच्या गुठळी करणाऱ्या यंत्रणेवर फार अवलंबून राहत नाही, अमेरिकी सैन्याने इराक-अफगाणिस्तानात अशा पट्ट्या वापरल्या. पण म्हणून आपण बनवलेली पावडर जखमेवर टाकायची नाही, त्यात प्रथिनांचा आणि जिवाणूंच्या विषाचा अंश राहू शकतो, वैद्यकीय प्रतीचा माल वेगळाच शुद्ध केलेला असतो. कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तर पावडर हाताळतानाही मास्क लावा. वजन कमी करायच्या कायटोसान गोळ्यांबद्दल विचारतात लोक, चांगल्या चाचण्यांत परिणाम नगण्यच दिसलाय, पैसे वाचवा. सांधेदुखीच्या गोळ्यांतलं ग्लुकोसामीन मात्र बऱ्याचदा याच टरफलांतून आलेलं असतं, कायटिन तीव्र आम्लात पार मण्यामण्यापर्यंत तोडून.

द्रावण करून महिनोन्‌महिने ठेवू नका, आम्लात माळ हळूहळू तुटत राहते आणि घट्टपणा उतरतो, लागेल तेवढंच करा. पावडर घट्ट झाकणाच्या बरणीत, कोरड्या जागी. आणि बरणीवर नुसतं "कायटोसान" लिहू नका, तारीख, सालं कशाची, कॉस्टिकमध्ये किती तास आणि डीडी किती आला ते लिहा. माझ्या कपाटात अजून दोन बिनलेबलच्या बरण्या आहेत, दिसायला अगदी सारख्या, आणि त्यातली साबुदाणा होणारी कुठली ते दर वेळी विरघळवूनच बघावं लागतं.